‘सात-पाच नक्की’ म्हणायच्या आधी: कॉलेज फुटबॉल टीमच्या सीझनचं भाकीत कसं मांडायचं

दर ऑगस्टला आम्हा जुन्या पर्ड्यूकरांची एक स्पर्धा असते. इंडियाना राज्यातल्या वेस्ट लाफायेटला, पर्ड्यू विद्यापीठात, एमएस करून आता अमेरिकाभर पांगलेले आम्ही दहा-बारा मराठी जण. सीझन सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाने लिहून द्यायचं, पर्ड्यूची अमेरिकन फुटबॉल टीम बारापैकी किती मॅच जिंकणार. ‘सात-पाच’ म्हणजे सात विजय, पाच पराभव. भाकीत चुकतं, त्याचं काही नाही. पण सगळे एकाच तऱ्हेने चुकतात: वेळापत्रक उघडायचं, वरून खाली येत प्रत्येक नावापुढे ‘जिंकू’ किंवा ‘हरू’ अशी खूण करायची आणि शेवटी खुणा मोजायच्या. दहा मिनिटांत काम फत्ते, आणि आकडा हमखास दोन-तीन विजयांनी फुगलेला. ऑगस्टमध्ये सगळ्यांच्याच गुडघ्याला बाशिंग असतं.

चूक आहे ती क्रमात. वेळापत्रक पाहिलं की मन वाटाघाटी करू लागतं: ‘ही होम मॅच आहे, ही घेऊन टाकू.’ म्हणून खालच्या पद्धतीत वेळापत्रक थेट पाचव्या टप्प्यावर उघडायचं आहे. तोवर त्या पानाकडे फिरकू नका.

हे सगळं वरच्या गटातल्या, म्हणजे एफबीएस टीमसाठी आहे. नियमित सीझन १२ मॅचेसचा, सीझननंतरच्या जादा मॅचला, म्हणजे बोल गेमला, पात्र व्हायला ६ विजय लागतात, हे माहीत आहे असं धरतो. आणि हा पैजेवर पैसे लावायचा धडा नाही. मित्रांत मान ताठ ठेवण्यापुरता आहे.

## तयारी: दोन संध्याकाळी आणि एक शीट

बसायची योग्य वेळ म्हणजे जुलैचा शेवटचा आठवडा ते ऑगस्टचा दुसरा. त्याआधी रोस्टर पक्कं नसतं, त्यानंतर सराव शिबिरातल्या बातम्या डोक्यात शिरतात. त्या बातम्यांत प्रत्येक टीमची ऑफेन्सिव्ह लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारे पुढचे पाच जण) ‘खूप सुधारलेली’ असते आणि प्रत्येक क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमण चालवणारा) ‘आता लीडर झालेला’ असतो.

हाताशी हवं ते एवढंच: गेल्या सीझनच्या सगळ्या मॅचेसचे स्कोअर, गेल्या वर्षीची आणि यंदाची खेळाडूंची यादी, हेड कोच आणि दोन्ही कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा, म्हणजे ऑफेन्सचा, आणि बचावाचा, म्हणजे डिफेन्सचा कोच) कोण, आणि कुठलं तरी एक सार्वजनिक रेटिंग, म्हणजे टीमच्या ताकदीचा आकडा. बिल कॉनेली यांचं एसपी-प्लस किंवा ईएसपीएनचं एफपीआय, दोन्ही चालतील. कच्चे आकडे ‘कॉलेज फुटबॉल डेटा’ या साइटवर मिळतात. यंदाचं रेटिंग शोधून ठेवा, पण आत्ता बघू नका. चौथ्या टप्प्यावर लागेल.

शीटमध्ये तीन पानं करा: ‘गेलं वर्ष’, ‘माणसं’, ‘मॅचेस’.

तपासा: शीटच्या पहिल्या ओळीत तारीख आणि ‘मनात आत्ता असलेला आकडा’ लिहिलात का? लिहा. शेवटी तो आणि हिशेबाचा आकडा शेजारी ठेवून बघायला मजा येते.

## टप्पा १: गेल्या वर्षीच्या रेकॉर्डची साल काढा

८–४ म्हणजे आठ विजय, हे खरं. पण ती टीम आठ विजयांच्या लायकीची होती का, हा वेगळा प्रश्न. त्यासाठी तीन बेरजा करा.

पहिली, गुणांचा फरक: केलेले पॉइंट वजा खाल्लेले. खालच्या एफसीएस गटातल्या टीमविरुद्धची मॅच यातून वगळा, कारण ५६–३ असा एक स्कोअर सगळं चित्र बिघडवतो.

दुसरी, अटीतटीच्या मॅचेस. ८ किंवा त्याहून कमी पॉइंटनी लागलेला निकाल वेगळा काढा. आठ का, तर टचडाउनचे सहा आणि त्यानंतरच्या कन्व्हर्जनचे दोन मिळून एका पझेशनमध्ये, म्हणजे चेंडू एकदा हाती असताना, फार तर तेवढेच होतात. अशा मॅचेसमधलं यश वर्षानुवर्षं टिकत नाही. म्हणून त्या अर्ध्या-अर्ध्या वाटून रेकॉर्ड पुन्हा लिहा. समजा टीम ८–४ होती आणि त्यात अटीतटीच्या मॅचेसमध्ये ५–१. वाटणी केली की त्या ३–३ होतात आणि टीम ६–६ वर येते. टीमची खरी लायकी याच्या जवळपास होती.

तिसरी, टर्नओव्हर, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणं. इंटरसेप्शनमध्ये, म्हणजे फेकलेला चेंडू मधेच पकडण्यात, थोडं कौशल्य असतं. पण हातातून निसटून जमिनीवर पडलेला चेंडू, म्हणजे फम्बल, कोणाच्या हाती लागतो, ते जवळजवळ छापा-काटा आहे. ज्या टीमला गेल्या वर्षी असे बहुतेक चेंडू मिळाले, तिला यंदा मिळतीलच असं नाही.

टीसीयूचं (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचं) उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. २०२१ मध्ये ५–७. २०२२ मध्ये नियमित सीझन १२–०, त्यातल्या कित्येक मॅच शेवटच्या क्वार्टरमध्ये ओढून आणलेल्या. थेट राष्ट्रीय फायनल गाठली आणि तिथे जॉर्जियाने ६५–७ असा धुव्वा उडवला. २०२३ च्या सुरुवातीला एपी वृत्तसंस्थेच्या, पत्रकारांच्या मतांवर ठरणाऱ्या क्रमवारीत ही टीम १७ वी होती. सीझन संपला तेव्हा पुन्हा ५–७.

उलट बाजूही बघा, कारण हुशार माणसं इथेच फसतात. नेब्रास्का २०२१ मध्ये ३–९ गेली. नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाने, आणि वर्षभरात केलेले पॉइंट खाल्लेल्यांपेक्षा जास्त! नशीब फिरलं की पुढच्या वर्षी सात-आठ विजय, असं गणित मीही ठामपणे मांडलं होतं. २०२२ मध्ये तीन मॅचेसनंतर कोच स्कॉट फ्रॉस्ट यांना काढलं आणि टीम ४–८ वर संपली. नशीब सरासरीकडे येतं, पण तोवर बाकीच्या गोष्टी जागच्या जागी राहत नाहीत. म्हणून या टप्प्यावर मिळालेला बदल पूर्ण धरू नका, अर्धा धरा.

सावध: बोल गेमचा निकाल या हिशेबात घेऊ नका. डिसेंबर २०२३ मध्ये ऑरेंज बोलमध्ये फ्लोरिडा स्टेट ६३–३ अशी हरली, पण तिचे कितीतरी मुख्य खेळाडू त्या दिवशी मैदानात उतरलेच नव्हते. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत निदान त्याच भांड्यातलं हवं.

## टप्पा २: कोण गेलं, कोण आलं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पूर्वी हे काम सोपं होतं: चौथ्या वर्षाचे गेले, बाकीचे राहिले. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे टीम बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदवही. २०२१ पासून एकदा टीम बदलली तर वर्षभर बसून राहायची अट गेली आणि २०२४ पासून कितीही वेळा बदलायची मोकळीक मिळाली. आता एका वर्षात अर्धी टीम बदललेली असू शकते. २०२६ पासून वसंतातली पोर्टलची खिडकी बंद करून एकट्या जानेवारीतली ठेवल्यामुळे जुलैत बसणाऱ्याचं काम जरा हलकं झालंय, एवढंच.

‘माणसं’ या पानावर गेल्या वर्षीचे ११ ऑफेन्सचे आणि ११ डिफेन्सचे स्टार्टर (मॅचच्या सुरुवातीपासून उतरणारे) लिहा. प्रत्येकापुढे राहिला, एनएफएलला (व्यावसायिक लीगला) गेला, पोर्टलमधून गेला किंवा पात्रता संपली, यापैकी एक. मग रिकाम्या जागी आलेल्यांची नावं. आलेल्यांची किंमत करताना मी हा क्रम ठेवतो:

सर्वात भरवशाचा तो, ज्याने याच पातळीच्या कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या टीमच्या गटात) निदान एक पूर्ण सीझन स्टार्टर म्हणून काढला आहे. त्याखाली छोट्या कॉन्फरन्समध्ये चमकलेला. त्याखाली मोठ्या टीममध्ये बाकावर बसलेला पण हायस्कूलमध्ये भरतीच्या मूल्यमापनात चार तारे मिळवलेला. चाहते नेमके या तिसऱ्याच्या प्रेमात पडतात, कारण त्याच्या नावापुढे तारे असतात आणि त्याला चुका करताना कोणी पाहिलेलं नसतं.

सर्व जागा सारख्या वजनाच्या नाहीत. क्वार्टरबॅक बदलला तर त्याचं वजन बाकी कुठल्याही दोन-तीन जागांइतकं. ऑफेन्सिव्ह लाइनची पाच माणसं सुटी मोजू नका. पाचपैकी चार परत येत असतील तर लाइन टिकली, दोनच येत असतील तर ती नवी लाइन आहे, मग नवे तिघे कितीही नामांकित असोत. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) गेल्याचं दुःख मात्र आवरतं घ्या. ती जागा सगळ्यात सहज भरते.

२०२४ च्या फ्लोरिडा स्टेटकडे पुन्हा वळू. २०२३ चा रेकॉर्ड १३–१. मग दहा खेळाडू एनएफएल ड्राफ्टमध्ये निवडले गेले. त्यांच्या जागी पोर्टलमधून नावाजलेली माणसं आणली, क्वार्टरबॅकही तसाच आणला. एपीने टीमला १० वं स्थान दिलं आणि तीच तिची कॉन्फरन्स, एसीसी, जिंकणार असं पत्रकारांनी मत दिलं. पहिलीच मॅच डब्लिनमध्ये जॉर्जिया टेककडून २४–२१ अशी गेली आणि वर्षअखेर रेकॉर्ड होता २–१०. कागदावर प्रत्येक रिकामी जागा भरलेली होती.

तपासा: गेलेल्या स्टार्टरांपैकी किती जागी तुम्ही ‘नवीन माणूस आधीपेक्षा चांगला’ असं लिहिलंय? निम्म्याहून जास्त जागी लिहिलं असेल तर तुम्ही चाहते म्हणून लिहिताय. उठा, चहा करा, पुन्हा बसा.

## टप्पा ३: कोच आणि कोऑर्डिनेटर

नवा हेड कोच आला की दोन टोकं दिसतात. टीमचे चाहते म्हणतात, आता सगळं बदलणार. बाकीचे म्हणतात, पहिल्या वर्षी काय होणार, कपाळ! नव्याचे नऊ दिवस असतातच, पण प्रत्येक नवा सारखा नसतो. मी तीन प्रश्न विचारतो. याने आधी हेड कोच म्हणून टीम वर आणली आहे का? स्वतःचे कोऑर्डिनेटर सोबत आणले का? आणि स्वतःची पद्धत जाणणारे खेळाडू सोबत आणले का?

इंडियाना २०२३ मध्ये ३–९ होती. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून आले. तिथे आदल्या वर्षी त्यांचा रेकॉर्ड ११–१ होता, आणि येताना ते तिथले १३ खेळाडू घेऊन आले. बिग टेन या कॉन्फरन्सच्या (पर्ड्यूही त्यातच) १८ टीममध्ये पत्रकारांनी इंडियानाला १७ वं धरलं. टीम ११–२ खेळून राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये पोचली. ११ विजयांचं भाकीत कोणालाच करता आलं नसतं, पण तिन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ होतं, आणि ते ऑगस्टमध्येच दिसत होतं. निदान १७ वं तरी लिहायला नको होतं. मीही खालच्या चारांतच लिहिलं होतं. शेजारच्या गावची टीम चांगली असू शकते, हे पर्ड्यूच्या माणसाला सुचतच नाही.

कोऑर्डिनेटर बदलला आणि हेड कोच तोच असेल तर परिणाम लहान धरा. क्वार्टरबॅक आणि ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर दोघंही एकदम नवे असतील तर मात्र पहिल्या चार मॅचेससाठी थोडं कमीच लिहा.

## टप्पा ४: टीमला एक आकडा द्या

आता वरचं सगळं एका आकड्यात उतरवायचं. माप पॉइंटमध्ये: एफबीएसमधली अगदी सरासरी टीम म्हणजे ०. तटस्थ मैदानावर सरासरी टीमला तुम्ही ७ पॉइंटनी हरवाल असं वाटत असेल तर तुमचा आकडा +७. देशातल्या सर्वोत्तम टीम साधारण +२५ ते +३० च्या आसपास असतात, तळाच्या तितक्याच खाली.

सुरुवात गेल्या वर्षीच्या रेटिंगपासून करा, मात्र ते एकटं घेऊ नका. गेल्या तीन वर्षांची सरासरीही काढा आणि दोन्हींच्या मधला आकडा घ्या. कॉलेज टीमची पातळी वाटते त्यापेक्षा हळू हलते, कारण भरतीचा दर्जा, पैसा आणि सुविधा एका वर्षात पालटत नाहीत. मग पहिल्या टप्प्यातली दुरुस्ती, दुसऱ्यातली भर किंवा घट, तिसऱ्यातली.

माझा एक नियम: तिन्ही टप्प्यांची मिळून दुरुस्ती ७ पॉइंटच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही. इंडियानासारखं वर्ष या नियमात बसत नाही, हे मान्य. पण एका इंडियानामागे डझनभर टीम असतात ज्यांच्याबद्दल लोकांनी तसंच म्हटलेलं असतं.

एवढं झालं की बाजूला ठेवलेलं यंदाचं सार्वजनिक रेटिंग उघडा. तुमच्यात आणि त्यात ४ पॉइंटपर्यंत फरक असेल तर दोन्हींची सरासरी घेऊन पुढे चला. जास्त असेल तर फरकाचं कारण एका वाक्यात लिहा. ‘मला वाटतं’ हे कारण नाही. ‘लाइनचे चार स्टार्टर परत आलेत, रेटिंगला ते पुरेसं दिसत नाही’ हे कारण आहे. कारण सुचलं नाही तर रेटिंगचं ऐका.

सावध: मीडियाची क्रमवारी म्हणजे रेटिंग नव्हे. २०२५ च्या सुरुवातीला एपीने पेन स्टेटला दुसरं स्थान दिलं होतं. ऑक्टोबरच्या मध्याला टीम ३–३ वर होती, क्वार्टरबॅक जायबंदी होता आणि कोचला नारळ मिळाला होता. ‘दुसरं स्थान’ या शब्दांत तिसऱ्यापेक्षा किती पॉइंटनी वर, हे कुठेच नसतं.

## टप्पा ५: आता वेळापत्रक उघडा

‘मॅचेस’ या पानावर बारा ओळी, तारखेच्या क्रमाने. प्रत्येक ओळीत प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग, सगळ्यांचं एकाच ठिकाणाहून घेतलेलं. दोन रेटिंगची मापं वेगळी असतात, सरमिसळ केली तर हिशेब कोलमडतो. आणि गेल्या वर्षीची टीम आठवून आकडा देऊ नका. तुमचा प्रतिस्पर्धीही पोर्टलमधून गेलाय.

मग मैदान. स्वतःच्या मैदानावर २.५ पॉइंट मिळवा, दुसऱ्याच्या मैदानावर तेवढेच वजा करा. लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियमला लोक दहा पॉइंट देतात, इतका परिणाम नसतो. मोठ्या स्टेडियमच्या टीम मुळात चांगल्या असतात, ते रेटिंगमध्ये आधीच आलेलं आहे. तटस्थ मैदान असेल तर शून्य, उदाहरणार्थ डॅलसमधली टेक्सस–ओक्लाहोमा.

विश्रांतीचा आठवडा, शुक्रवारची मॅच, लांबचा प्रवास या गोष्टींना मी फार तर एक पॉइंट देतो. बिग टेन आता लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीपर्यंत पसरली आहे, तेव्हा तीन टाइम झोन ओलांडून जाणाऱ्या टीमचा एक पॉइंट वजा करायला हरकत नाही.

‘त्या आठवड्यात ते ढिले पडतील’, ‘त्यांचं लक्ष पुढच्या मॅचवर असेल’ असल्या गोष्टींना मात्र शून्य. २०२४ मध्ये नोत्र दाम आपल्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून १६–१४ अशी हरली. पुढच्या शनिवारी तीच टीम आमच्या रॉस-एड स्टेडियमवर येणार होती आणि आमचा अख्खा गट हातावर हात चोळत होता: खचलेत, आता सापडले! निकाल ६६–७. सात आमचे.

## टप्पा ६: फरकातून शक्यता काढा

इथे खूण करायचा मोह पुन्हा होतो. करू नका. प्रत्येक ओळीत जिंकण्याची शक्यता लिहा. कॉलेज फुटबॉलमध्ये अपेक्षित फरक आणि खरा फरक यांत साधारण १६ पॉइंटचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) असतं. ते धरून हा तक्ता बनतो:

फरक ० असेल तर ५० टक्के
३ पॉइंट: ५७
७ पॉइंट: ६७
१० पॉइंट: ७३
१४ पॉइंट: ८१
२१ पॉइंट: ९१
२८ पॉइंट: ९६

फरक उलट दिशेने असेल तर शंभरातून वजा करा. शीटमध्ये ‘नॉर्म-एस-डिस्ट’ हे फंक्शन वापरून फरक भागिले १६ टाकलात तरी हेच आकडे येतात.

दोन टचडाउननी सरस असलेली टीमही पाचात एकदा हरते, हे या तक्त्यात नीट बघून घ्या. आणि कुठल्याही ओळीत १०० लिहू नका. २००७ मध्ये खालच्या गटातल्या ॲपलाचियन स्टेटने मिशिगनला तिच्याच मैदानावर ३४–३२ असं हरवलं होतं. ९७ लिहा.

## टप्पा ७: बेरीज, आणि बेरजेभोवतीचा पट्टा

पर्ड्यूचा २०२४ चा सीझन घेऊ, कारण त्यात माझंही हसं झालं. आदल्या वर्षी ४–८. क्वार्टरबॅक हडसन कार्ड परत येणार होता. पण बिग टेनमध्ये सर्वाधिक सॅक करणारा (क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आधीच पाडणारा) निक स्कोर्टन टेक्सस ए-अँड-एमला गेला आणि पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) डिऑन बर्क्स ओक्लाहोमाला. मी टीमला बरोबर ० दिला होता. त्यावरून आलेल्या शक्यता, टक्क्यांत:

इंडियाना स्टेट, घरी: ९७
नोत्र दाम, घरी: २०
ऑरेगन स्टेट, बाहेर: ३५
नेब्रास्का, घरी: ४०
विस्कॉन्सिन, बाहेर: २५
इलिनॉय, बाहेर: ३८
ऑरेगन, घरी: ८
नॉर्थवेस्टर्न, घरी: ५५
ओहायो स्टेट, बाहेर: ३
पेन स्टेट, घरी: १२
मिशिगन स्टेट, बाहेर: ३८
इंडियाना, बाहेर: ४०

नेब्रास्काची ओळ उलगडून दाखवतो. त्यांना दिले +६.५, आमचे ०, घरच्या मैदानाचे २.५. फरक उणे ४, म्हणजे ४० टक्के.

बेरीज ४११, म्हणजे अपेक्षित विजय ४.१. आता खुणांची पद्धत बघा. ५० टक्क्यांच्या वर असेल तिथेच खूण करणारा कडक माणूस दोनच विजय लिहील. ‘ऑरेगन स्टेट घेऊ, नेब्रास्का घरी आहे, इंडियाना तर इंडियानाच आहे’ म्हणणारा सातवर पोचेल. आमच्या गटात निम्मे सातवर होते. त्याच बारा मॅच, तीच टीम, आणि उत्तर दोनपासून सातपर्यंत कुठेही. ३५ ते ४० टक्क्यांच्या पाच मॅच मिळून जवळजवळ दोन विजय होतात. पण त्यातले नेमके कुठले दोन, हे खूण करणाऱ्याला सांगावं लागतं, आणि कोणालाच सांगता येत नाही.

बेरीज एकटी देऊ नका, तिचा पट्टाही द्या. प्रत्येक ओळीत शक्यता गुणिले एक वजा शक्यता करा (४० टक्के असेल तर ०.४ गुणिले ०.६), सगळ्यांची बेरीज घ्या आणि वर्गमूळ काढा. वरच्या यादीत ते १.४ येतं. म्हणजे तीन ते पाच विजय ही नेहमीची शक्यता.

सावध: हा पट्टा खऱ्यापेक्षा अरुंद आहे. यात प्रत्येक मॅच स्वतंत्र धरली आहे. पण टीमचा आकडाच चुकला असेल तर बाराही ओळी एकदम एकाच दिशेने चुकतात. म्हणून १.४ आलं तर मी २ धरतो.

त्या वर्षी पर्ड्यू १–११ गेली. इंडियाना स्टेटला ४९–० हरवलं, मग सगळ्याच हरलो. चार मॅचेसनंतर ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला काढलं. इलिनॉयविरुद्ध ओव्हरटाइममध्ये ५०–४९, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ओव्हरटाइममध्ये २६–२०, आणि शेवटी, जिथे मी ४० टक्के लिहिले होते तिथे, इंडियानाकडून ६६–०. माझा ० हा आकडा चुकला होता आणि इंडियानाचा त्याहून जास्त.

## टप्पा ८: सोडण्यापूर्वी तीन तपासण्या

एक, बेरजेचा ताळा. एकाच कॉन्फरन्सच्या सगळ्या टीमची भाकितं करत असाल तर कॉन्फरन्समधले एकूण विजय आणि पराभव सारखे यायला हवेत. बिग टेनमध्ये १८ टीम, प्रत्येकी ९ मॅच: एकूण ८१ विजय, ८१ पराभव. माझ्या पहिल्या वर्षी ९४ विजय आले होते.

दोन, मनातला आकडा. तयारीच्या वेळी लिहिलेला आकडा आणि आत्ताचा तंतोतंत जुळला तर शंका घ्या. बहुधा चौथ्या टप्प्यावर तुम्ही दुरुस्त्या हव्या तशा वळवल्या आहेत.

तीन, उलटा प्रश्न. ही टीम अपेक्षेपेक्षा तीनने कमी जिंकली तर कारण काय असेल? क्वार्टरबॅकची दुखापत हे सगळ्यांचंच उत्तर असतं, ते सोडून दुसरं शोधा. ते चौथ्या टप्प्यातल्या कारणाच्या वाक्यात आधीच दडलेलं असेल, तर टीमचा आकडा एका पॉइंटने खाली आणा.

## टप्पा ९: कुलूप, आणि मग हिशेब

पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी शीटची प्रत काढून ठेवा आणि तिला हात लावू नका. मधल्या काळात बदल करायचेच असतील तर दुसऱ्या प्रतीत, आणि चौथ्या मॅचनंतर. एका मॅचवरून आकडा ३ पॉइंटच्या वर हलवू नका. नियमित क्वार्टरबॅक सीझनसाठी बाद झाला तर लगेच हलवा, ती एकच सवलत.

डिसेंबरमध्ये नुसते विजय मोजून कोण जवळ आलं ते ठरवू नका. प्रत्येक ओळीत निकाल १ किंवा ० लिहा, त्यातून तुमची शक्यता वजा करा, वर्ग करा आणि बाराची सरासरी काढा. जितकी कमी तितकं भाकीत चांगलं. सगळीकडे डोळे मिटून ५० टक्के लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते. २०२४ मध्ये माझी, चारऐवजी एकच विजय झालेला असूनही, ०.०९७ आली. सात खुणा करणाऱ्या मित्राच्या सहा चुकल्या, त्याची ०.५. त्याचं म्हणणं आहे की इलिनॉयची मॅच आपलीच होती.